शंभर टक्के सुती

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

पारोळा
४ एप्रिल २०२५

चि. सौ. धनश्रीस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पार्सल पोचलं. हे डेअरीवरून येताना पोस्टातून घेऊन आले आणि मनवानं ते उंबऱ्यातच ओढून घेतलं. पाकिटावर आपलं नाव छापलंय हे तिला अजून खरं वाटत नाही. गुलाबी अक्षरांत 'मनवा' आणि खाली बारीक 'लहानग्यांच्या नाजूक त्वचेसाठी, शंभर टक्के सुती'. पहिलीच्या पुस्तकाला हात लावायचा म्हटलं की पोट दुखतं तिचं, पण हे पाकीट पाच वेळा वाचून झालं. गल्लीभर दाखवून आली. मी म्हटलं, अगं बाई, चड्ड्यांचं पाकीट आहे ते, मिरवायची वस्तू नाही. तर मलाच म्हणते, माझ्या मामानं माझ्या नावाचा कारखाना काढलाय, तुझ्या भावानं तुझ्या नावाचा काढला का?

योगराजभाऊला हे नक्की सांग, त्याची छाती अजून फुगेल.

तू म्हणशील, ताई फोन सोडून पत्र काय लिहिते. तर तुझा फोन दिवसभर भाऊच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर पडलेला असतो आणि गायत्री वहिनी तो स्पीकरवर टाकते. आपल्या दोघींचं बोलणं अख्ख्या लिंबायत वस्तीनं कशाला ऐकायचं? आप्पांना तर फोनवर अजिबात ऐकू येत नाही, त्यांना लिहितेच, मग त्याच बैठकीत तुलाही.

माझ्या ओसरीवरच्या दुकानात आता बांगड्या आणि परकरांच्या शेजारी 'मनवा'चा ढीग आहे. आपल्या आप्पांच्या, चिंधा शिंप्याच्या नातीचं नाव, मामाचा माल, म्हटल्यावर बायका विचारत पण नाहीत. समोरच्या दगाभाऊंच्या सुनेनं तिच्या लेकीसाठी दोन पाकिटं नेली, अंगणवाडीच्या बाईंनी तर सांगून ठेवलंय. आप्पांनी चाळीस वर्षं या बाजारात मशीन चालवलं, त्याची पुण्याई मी खाते आहे.

बाकी ऊन मी म्हणतंय. मनवाला जांघेत लाल झालंय, खाजवत बसते. घामोळं असेल. पावडर लावते आहे.

जावईबापूंना नमस्कार, जुईला पापा. पत्राला उत्तर देशील तर बहीण, नाही तर सुरतवाली शेठाणी समजेन.

तुझी,
ताई


डिंडोली, सुरत
१७ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस धनश्रीचा सा. न. वि. वि.

शेठाणी म्हणू नकोस गं. सकाळी घरून निघते, कडेवर जुई, पिशवीत डबा, रिक्षात सहा जणींच्या मांडीवर मांडी. कारखान्यात पोचेपर्यंत घडी केलेल्या मालासारखी चपटी होते.

तुझं पत्र मी घरी आणून वाचलं, म्हणून वहिनीला काही कळलं नाही. मनवाचं बोलणं मात्र भाऊला सांगितलं. तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. भाऊनं दोन नवी ओवरलॉक मशीनं घेतली. नवापूर, नंदुरबारहून मागणी येते. परवा त्यानं मशीनला हार घातला आणि आप्पांच्या पाया पडला. आप्पा शटरजवळच्या खाटेवर बसून असतात, तयार मालाचे दोरे कापतात, चहा पितात. आई गेल्यापासून बोलणं कमीच झालंय त्यांचं. पूर्वी काजं नीट नसली तर आपली मान मोडायचे, आता काही म्हणून म्हणत नाहीत.

कापड मात्र फार छान आहे हं. मागच्या खोलीत कापडाचे ताके येतात, तिकडेच कटिंग होतं, माझ्याकडे शिवलेलाच माल येतो. पण घडी घालताना हात असा सरकतो की काय सांगू! एवढं मऊ सुती मी आजवर पाहिलं नाही. जुई लंगोटातून बाहेर आली की तिलाही हीच घालणार आहे. अजून आईच्या जुन्या लुगड्याच्या लंगोटांवर चाललंय तिचं.

मनवाचं घामोळंच असणार. इथं आमच्या खोल्यांच्या लाइनीत सगळ्याच पोरांना उन्हाळ्यात होतं. गार पाण्याच्या पट्ट्या ठेव आणि तिला उन्हात हुंदडू देऊ नकोस.

ह्यांची रात्रपाळी चालू आहे. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या वाफेत उभं राहून येतात, दिवसा झोप नाही. तुझ्याकडे लोणचं घातलं की बरणी पाठव. इथलं लोणचं गोड असतं, जेवताना गुळाचा खडा चावल्यासारखं वाटतं.

भावजींना नमस्कार. अशीच ओढ ठेव.

तुझी,
धना


पारोळा
११ मे २०२५

चि. सौ. धनश्रीस आशीर्वाद. वि. वि.

लोणचं नाही पाठवत. आधी हे वाच, आणि बसून वाच.

मनवाचं घामोळं नव्हतं. पावडरीनं वाढलं, पट्ट्यांनी वाढलं, मग कातडी सोलून निघाली. पोर पाय फाकवून चालायला लागली. शाळेत बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं, सारखं खाजवते म्हणून. मुलं हसली. त्यात पाकीट दाखवत फिरली होती ना, एका पोरानं म्हटलं, मनवाची चड्डी मनवाला चावते. त्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत तिनं दप्तराला हात लावला नाही. घरी येऊन मला विचारलं, आई, माझं नाव बदलता येईल का?

शेवटी धुळ्याला नेलं. कातडीच्या डॉक्टरबाई आहेत, चांगल्या. त्यांनी तपासलं आणि औषधाआधी चड्डी हातात घेतली. ताणून पाहिली, उजेडात धरली. विचारलं, सिंथेटिक रोज घालते का? मी ऐटीत म्हटलं, छे हो, शंभर टक्के सुती, माझ्या भावाचा कारखाना आहे. त्यांनी सावकाश सांगितलं की हे पॉलिस्टर आहे, म्हणजे प्लास्टिकचाच धागा. घाम शोषत नाही, हवा जाऊ देत नाही, त्यातून घट्ट इलास्टिक. आत ओल राहते आणि बुरशी धरते. मी विचारलं, प्लास्टिक अंगात जातं का? त्या म्हणाल्या, अशा कापडाचे बारीक तंतू सुटतात हे खरं, पण कातडीतून किती आत जातं आणि पुढं काय करतं हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण जे कळत नाही ते लेकराच्या सगळ्यात नाजूक जागेवर रोज का बांधून ठेवायचं?

मला त्यांचं खरं वाटेना. माझ्या भावापेक्षा ही परकी बाई खरी कशी? घरी आले, कोरं पाकीट फोडलं, कात्रीनं तुकडा कापला आणि चिमट्यात धरून गॅसवर नेला. शिंप्याच्या मुली आपण, सूत कसं जळतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. कागदासारखं जळतं, राख होते. हा तुकडा आधी आक्रसला, मग त्याचा थेंब झाला आणि टपकन ओट्यावर पडला. गार झाल्यावर खिळ्यासारखा टणक. घरभर जळक्या बादलीचा वास. दुसरं पाकीट फोडलं, तिसरं फोडलं. मनवा दारात उभी राहून बघत होती.

धना, तू तिथं बसतेस. तुझ्या हातून घड्या होतात. तुला माहीत होतं का? मी रागानं विचारत नाही, पण विचारल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

आणि दगाभाऊंची नात पण खाजवते आहे. तिची आई मला विचारून गेली की कुठली पावडर चांगली. मी तिला पावडरीचं नाव सांगितलं. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही.

ताई


लिंबायत, सुरत
२० मे २०२५

चि. सौ. योगितास योगराजचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र धनश्रीनं भर कारखान्यात, कारागिरांसमोर, मोठ्यानं वाचलं. रडत वाचलं. तिला काही माहीत नव्हतं, उगाच तिला धारेवर धरू नकोस. मला काय ते विचार, मी मोठा भाऊ आहे, उत्तर देणं माझं काम.

मनवाचं ऐकून वाईट वाटलं. ती माझी भाची आहे, मला दगड समजू नकोस. पण तू धंदा बघितलेला नाहीस. सुरतेत पाण्यासारखं पॉलिस्टर वाहतं. सूत आणायचं तर बाहेरून, आणि त्या भावात माझं पाकीट कोण घेईल? बाजारात शेजारी शेजारी दहा जणांचा माल टांगलेला आहे, सगळ्यांवर 'शंभर टक्के' लिहिलेलं आहे. ती छापील भाषा आहे. छपाईवाल्याकडे पाकिटाचा नमुना तयारच असतो, आपण फक्त नाव सांगायचं. हाताला सुतासारखं लागतं म्हणून सुती म्हणायचं, एवढंच. कुणी विष विकत नाही. सगळ्या सुरतेची पोरं हेच घालून मोठी होतात.

आता ऐक. मनवासाठी मी वेगळा, खरा सुती माल काढून ठेवला आहे. येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. तिला तोच घाल, दुसरा नको. पण बाकीच्या बायकांना यातलं काही बोलू नकोस. खानदेशात माझं नाव तुझ्यामुळे झालं आहे, ते तुझ्यामुळेच जायला नको. लोकांच्या पोरांना काय, उन्हाळा सरला की आपोआप बरं वाटतं.

आपण एका ताटात जेवलेली भावंडं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊन कुणाचं भलं झालेलं नाही. जावई पांडुरंगरावांना रामराम. मनवाला मामाचा आशीर्वाद सांग, दिवाळीला सायकल आणतो म्हणावं.

तुझा,
भाऊ


॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

पारोळा
२८ मे २०२५

ती. आप्पांच्या चरणी योगिताचा शि. सा. न. वि. वि.

आप्पा, भाऊचं पत्र आलं. त्यानं तुम्हाला दाखवलं की नाही ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. त्यानं कबूल केलं आहे. लाजत नाही, चुकलं म्हणत नाही, पण कबूल केलं आहे. मनवासाठी वेगळा चांगला माल पाठवतो म्हणाला, इतर लेकरांचं उन्हाळ्यावर सोडून द्यायचं. मी ते पाकीट घेतलं नाही, आलेल्या माणसाबरोबर परत धाडलं.

भाऊवर मी चिडेन, भांडेन, त्याचं मला काही वाटत नाही. झोप उडाली आहे ती तुमच्यामुळे. आप्पा, तुम्ही रोज त्या खाटेवर बसता. तुमच्या हातातून तो माल जातो. लग्नसराईत लोक पातळं घेऊन यायचे, तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत असायचा, कापडाकडे बघायचा पण नाही, नुसता काठ चिमटीत धरायचा आणि सांगायचा की बाई, यात भेसळ आहे, जाऊन परत कर. दुकानदार तुमच्या नावानं बोटं मोडायचे. आम्ही पोरी दुकानाच्या पायरीवर बसून हे बघत मोठ्या झालो. मी ओसरीवर पाकिटं मांडली ती भाऊच्या भरवशावर नाही. माझा बाप त्या घरात बसलेला आहे, या भरवशावर.

मनवाला आता आराम आहे. मलम लावलं की रडत नाही. रात्रीतून एकदा उठून बसते, एवढंच. तिनं विचारलं, आजोबांना मशीनवरचं सगळं कळतं ना? मी काय सांगू?

तुम्हाला कळलं होतं का, एवढंच लिहा. फार नको. हो किंवा नाही.

तब्येतीला जपा. तुमचा हात डोक्यावर असू द्या असं नेहमी लिहिते, आजही लिहिते.

तुमची,
योगिता


सुरत
७ जून २०२५

चि. योगितास आप्पाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर लावायला वेळ लागला. डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. बोटं पण मेली. दोरा ओवता येत नाही. आता भाकरी शिळी की ताजी हे हाताला कळत नाही, तर कापड कुठून कळणार. तुझा आप्पा आता पहिल्यासारखा राहिला नाही हे समजून घे.

योगराज वाईट नाही. दोन वेळा गरम जेवायला मिळतं. गायत्री औषध देते. पोरांनी आपसात फाटाफूट करू नये. तुझ्या आईला ते सहन झालं नसतं.

मनवाला चंदन उगाळून लाव.

आशीर्वाद,
आप्पा


डिंडोली, सुरत
१९ जून २०२५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

ताई, दोन गोष्टी लिहायच्या आहेत. कुठली आधी लिहू कळत नाही.

आप्पांनी तुला लिहिलेलं तू मला कळवलंस, ते वाचून मला आप्पांची दया आली होती. खरंच वाटलं होतं. रविवारी वहिनीनं जेवायला बोलावलं. कारखाना तळमजल्यावर आणि त्यांचं घर वर तिसऱ्या मजल्यावर, मी सहसा वर जात नाही. वाळत घातलेले कपडे पावसाआधी काढ म्हणून वहिनीनं मला गच्चीवर पाठवलं. दोरीवर भाऊच्या दोन्ही मुलांच्या चड्ड्या होत्या. पांढऱ्या. पाच-सहा असतील. हाताला किंचित खरखरीत लागल्या, खऱ्या सुती, आणि नेफ्याजवळची शिलाई बघितली तर दुहेरी टीप, शेवटाला उलटा टाका. तो टाका आपल्या घरात एकच माणूस घालतो. तुला सांगायला नको.

मी ते कपडे तसेच घेऊन खाली आले आणि वहिनीला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही गं. सरळ म्हणाली, आप्पांनीच तर पहिल्या ताक्याला हात लावून सांगितलं, सूनबाई, हे प्लास्टिक आपल्या पोरांना घालू नको. मग त्यांनीच मला होजिअरीचं सुती कापड आणायला लावलं, ते स्वतः मशीनवर शिवून देतात. मी विचारलं, आणि मनवाचं? तर म्हणाली, ते योगिताताईंना कुणीतरी सांगायला हवं होतं, हो. जणू काही तो बसचा बदललेला टाइम आहे.

आप्पा तिथंच होते. ताटावर. मी त्यांच्यासमोर त्या चड्ड्या ठेवल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, वरणात भात कालवत राहिले. ऐकू येत नाही असं मी समजले असते, पण त्यांची मान खाली गेली ती वर आली नाही.

दुसरी गोष्ट. भाऊनं तुझ्या धाकानं नवीन पाकिटं छापायचं ठरवलं आहे. मनवाचं नाव काढतो म्हणाला. मला बरं वाटलं, म्हटलं पावला. तर लगेच म्हणतो, जुईचं नाव टाकू, दोन अक्षरी आहे, झकास दिसेल. कापड बदलणार का विचारलं, तर म्हणे डोकं ठिकाणावर आहे का. माझी लेक त्याच्यासमोर त्या ताक्यांवर चढून खेळत होती. मी तिला उचललं, डबा घेतला आणि निघाले. वहिनी मागून म्हणाली, उद्या लवकर ये, माल जायचा आहे. मी गेले नाही. आता घरीच साड्यांना लेस लावायचं काम घेतलं आहे. लाइनीतल्या सगळ्या बायका तेच करतात. पाठ धरते, पण ह्यांनी काही म्हटलं नाही. उलट म्हणाले, उशीर केलास.

तू मला विचारलं होतंस की तुला माहीत होतं का. तेव्हा फार लागलं होतं, म्हणून उत्तर दिलं नाही. आता लागत नाही. विचारायलाच हवं होतंस.

तुझ्या मायेवर जगते आहे, ती आटू देऊ नकोस.

धना


पारोळा
६ जुलै २०२५

चि. सौ. धनश्रीस ताईचे आशीर्वाद आणि एक घट्ट मिठी. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस ओसरीवरचं दुकान उघडलं नाही. ह्यांना वाटलं तब्येत बिघडली. मग एका संध्याकाळी आप्पांना चार ओळी लिहिल्या. धनानं दोरीवरचे कपडे बघितले, एवढंच. नमस्कारही लिहिला नाही. टाकल्यावर वाटलं, उत्तर येणार नाही.

उत्तर नाही आलं, आप्पाच आले. परवा. अमळनेरपर्यंत रेल्वेनं, पुढं एस.टी.नं, एकटे. दारात उभे राहिले तर मी ओळखलंच नाही क्षणभर, इतके वाळलेत. पाणी दिलं, पाया पडले. सवयीनं पडले. ते ओसरीवर बसले, जिथं मी पूर्वी तो ढीग मांडायचे तिथंच. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. मी स्वयंपाकाला लागले.

मनवा सकाळच्या शाळेतून आली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. बरी आहे आता, डाग राहिलेत फक्त. तिनं आमच्यासारखं काही ठरवलेलं नव्हतं. सरळ विचारलं, आजोबा, माझ्या चड्ड्या प्लास्टिकच्या आहेत हे तुम्हाला माहीत होतं का? कानात ओरडून विचारलं, म्हणजे ऐकू आलं नाही म्हणायची सोय नाही. माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. आप्पा म्हणाले, हा बेटा, माले माहीत व्हतं.

धना, इतके दिवस मला वाटत होतं, हे एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं की माझं रडू मोकळं होईल. तसं काही झालं नाही. मनवानं फक्त बरं म्हटलं आणि हातपाय धुवायला गेली.

जेवणं झाल्यावर मी विचारलं, का? ते म्हणाले, पोराच्या छपराखाली राहतो, त्याच्या धंद्याला हात लावून वाईट म्हणू तर उद्या कुणाच्या ओसरीवर बसू? मी म्हटलं, ही काय, ही ओसरी आहे ना. हे पण म्हणाले, आप्पा, राहा, तुमचं मशीन आणून देतो. आप्पांनी मान हलवली. मुलगा असताना मुलीच्या दारात राहिलो तर समाज काय म्हणेल, असं म्हणाले. म्हणजे बघ, समाज. नातीच्या अंगावरची कातडी निघाली तेव्हा तो समाज त्यांना आठवला नाही.

मग मी एकच मागितलं. म्हटलं, मनवाला जे सांगितलंत तेच समोर येऊन दगाभाऊंच्या घरी सांगा. माझ्याबरोबर चला. त्यांच्या नातीला अजून आराम नाही, ती अजून त्याच चड्ड्या घालते, कारण मी अजून तोंड उघडलेलं नाही. तुमच्या शब्दावर ती माणसं आजही विश्वास ठेवतात. आप्पांनी टोपी घातली, मला वाटलं निघाले. त्यांनी पिशवी उचलली. म्हणाले, योगराजच्या विरुद्ध परक्याच्या दारात माझ्यानं बोलवणार नाही. दुपारच्याच गाडीनं परत गेले. हे स्टँडवर पोचवायला गेले, मी गेले नाही.

माझ्याजवळ उरलेली पाकिटं मी गोणीत भरून ठेवली होती. ती तशीच राहू दिली आणि रिकाम्या हातानं समोर गेले. दगाभाऊंची सून दारात तांदूळ निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कापड कसलं आहे, डॉक्टरबाई काय म्हणाल्या, भाऊनं काय लिहिलं. आजपासून त्या चड्ड्या पोरीला घालू नको म्हटलं, धुळ्याला न्यायचं असेल तर मी बरोबर येते म्हटलं. तिला राग आला होता, आणि यायलाच हवा होता. मग तिनं विचारलं, पण ताई, चिंधाबाबा तिथंच राहतात ना? त्यांना कापड कळलं नाही का?

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. म्हातारे झाले, डोळे गेले, बोटं मेली, असं म्हणता आलं असतं. तिनं लगेच मान्य केलं असतं. तिच्या घरातली लग्नाची कापडं आप्पांनी शिवली आहेत, तिलाही तेच ऐकायचं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मागच्या अंगणात तिची लेक खेळत होती, मधेच थांबून खाजवत होती.

मी म्हटलं, कळलं होतं.

तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, आत गेली, पोरीला उचलून घेऊन आली आणि माझ्यासमोर तिची चड्डी काढून कोपऱ्यात टाकली. मला बस म्हणाली नाही. मी तिथून अंगणवाडीच्या बाईंकडे गेले, तिथून पुढच्या गल्लीत. प्रत्येक दारात तोच प्रश्न आला, धना. प्रत्येक दारात मी तेच उत्तर दिलं.

जावईबापूंना नमस्कार, जुईला खूप पापे. तुझ्यावरचा जीव तसाच आहे. त्या घरातल्या बाकी कुणाला माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझीच,
ताई